ताकद गाडीची, पकड टायरची
(मंडळाच्या गणेशोत्सव व्याख्यानमालेतील भाषणाचा मजकूर)



या व्यासपीठावर दरवर्षी कीर्तन होते, नाट्यसंगीत होते, मधुमेहावर डॉक्टरांचे व्याख्यान होते. यंदा आम्हां दोघा भावांना टायरवर बोलायला सांगितले, तेव्हा आधी थट्टाच वाटली. कारण मागाहून कळले. आपल्याच घरांतली काही मुले गाड्या ‘तयार’ करतात. कोणी इंजिनचा कॉम्प्युटर रिमॅप करून घेतला आहे, कोणी मोठा टर्बो बसवला आहे. आता त्यांना ड्रॅग रेसचे टायर हवे आहेत आणि त्यासाठी घरून पैसे हवे आहेत. मुले आमच्या दुकानात संध्याकाळी येतात, “भिया, सर्वांत जास्त चिकटणारा टायर कोणता?” म्हणून विचारतात. त्यांचे वडील दुसऱ्या दिवशी सकाळी येतात आणि विचारतात, “हे काय खूळ आहे? पैसे द्यायचे की नाही?” आज दोघेही समोर बसलेले आहेत, तेव्हा एकदाच सांगून टाकतो.

ज्यांना ही शर्यत माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ड्रॅग रेस म्हणजे सरळ रस्त्यावर, उभ्या गाडीपासून सुरुवात करून, पाव मैल म्हणजे ४०२ मीटर सर्वांत कमी वेळात कापणे. वळण नाही, ओव्हरटेक नाही. दोन गाड्या शेजारी उभ्या राहतात, दिवे लागतात आणि दहा-पंधरा सेकंदांत सगळे संपते. आजींना वाटेल, एवढ्यासाठी एवढा खटाटोप? पण शंभर मीटर धावणाऱ्यालाही आपण तसे विचारत नाही.

या शर्यतीत पहिले वीस मीटर सर्वांत महत्त्वाचे. तिथे चाक जागेवर फिरले तर गेलेला वेळ पुढे इंजिन कितीही मोठे असले तरी सहजी भरून निघत नाही. आणि त्या वीस मीटरमध्ये गाडी आणि जमीन यांच्यात असते काय? प्रत्येक चाकाखाली साधारण तळहाताएवढा रबराचा तुकडा. इंजिनवर लाखो रुपये घातले तरी ते सगळे त्या तळहातातूनच रस्त्यापर्यंत पोचायचे असतात.

इंदूरकरांना हे सांगताना आपले महाराज यशवंतराव होळकर दुसरे आठवतात. १९३०च्या दशकात त्यांनी अमेरिकेतून ड्युसेनबर्ग एसजे घेतली आणि तिच्यावर लंडनच्या गर्नी नटिंगकडून बॉडी बांधून घेतली. लांबलचक गाडी, बसायला दोनच माणसे, केशरी-काळा रंग. तिच्या सुपरचार्ज केलेल्या आठ सिलिंडरच्या इंजिनची ताकद कंपनीने ३२० हॉर्सपॉवर सांगितली होती. आज आपल्या पार्किंगमधल्या बहुतेक गाड्यांची शंभराच्या आसपास असते, हे लक्षात घ्या. पण त्या काळचे टायर सुती धाग्यांचे, अरुंद आणि कडक रबराचे. म्हणजे एवढी ताकद असूनही पहिल्या गियरमध्ये पाय जरा जपूनच ठेवायला हवा. ताकद आधी आली आणि पकड मागून आली, मोटारीच्या इतिहासात हे पुन:पुन्हा घडले आहे. आपल्या मुलांच्या गाड्यांतही तेच चालले आहे.

आता थोडा हिशेब. घाबरू नका, पाचवीचे गणित आहे. समजा, १००० किलोची गाडी आहे, पुढच्या चाकांवर चालणारी. आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्या तशाच. उभी असताना पुढच्या चाकांवर ६०० किलो, मागे ४००. साध्या पण चांगल्या टायरची कोरड्या डांबरावरची पकड ०.९ धरू, म्हणजे चाकावर १०० किलो भार असेल तर तो ९० किलोचा जोर रस्त्याला देऊ शकतो. गाडी झपकन सुटली की भार मागे सरकतो. स्कूटर एकदम पळवली की मागे बसलेला माणूस मागे जातो, तसेच. अशा गाडीत साधारण १०० किलो मागे जातात. पुढे उरले ५००. त्याचे झाले ४५० किलो जोर. इंजिन कितीही मोठे असो, याहून जास्त रस्त्यावर उतरत नाही. उरलेली ताकद चाक जागेवर फिरवण्यात आणि धूर काढण्यात जाते. धूर पाहून पोरे टाळ्या वाजवतात, पण तो वाया गेलेला पैसा असतो.

आता याच गाडीला मऊ रबराचा टायर लावला आणि पकड ०.९ वरून १.३ वर गेली असे समजू. जोर ४५० वरून सुमारे ६०० किलो होतो, एकतृतीयांश वाढ. पण तेवढ्याच वजनाची, निम्मा-निम्मा भार असलेली आणि मागच्या चाकांवर चालणारी गाडी घेतली तर? तिथे मागे सरकणारा भार चालवणाऱ्या चाकांवरच येतो. साध्या टायरवर तिचा जोर साधारण ५६५ किलो, मऊ टायरवर ९२५. वाढ जवळजवळ दोनतृतीयांश. टायर तोच, पण फायदा दुप्पट. अमेरिकेत ड्रॅग रेसिंगबद्दल जे लिहिले-बोलले जाते ते मुख्यत: मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्यांचे असते. ते वाचून आपला मुलगा आपल्या हॅचबॅकवर तोच चमत्कार शोधतो, आणि तो तिथे तेवढा नसतो. म्हणून दुकानात आमचा पहिला प्रश्न असतो, “गाडी कोणत्या चाकांवर चालते?” टायरच्या कंपनीचे नाव नंतर.

टायरचे प्रकार ढोबळमानाने चार. एक, आपला रोजचा रेडियल, खोल खाचांचा आणि पाच-सहा वर्षे टिकणारा. दुसरा, स्पोर्ट्स टायर, जरा मऊ, खाचा कमी. तिसरा, ड्रॅग रेडियल. दिसायला रस्त्याचा, नावापुरत्या खाचा, पण रबर इतके मऊ की नख रुतते. चौथा स्लिक. त्याला खाचाच नाहीत, सपाट. अमेरिकन बनावटीच्या टायरच्या बाजूला ट्रेडवेअर म्हणून आकडा छापलेला असतो. रोजच्या टायरवर तो ३०० ते ५०० असतो, स्पोर्ट्सवर २०० च्या आसपास, ड्रॅगच्या टायरवर १०० च्याही खाली. आकडा लहान तेवढे रबर मऊ आणि आयुष्य कमी, असा मोघम अर्थ घ्यावा. दोन कंपन्यांचे आकडे शेजारी ठेवून भांडू नये, कारण ही चाचणी प्रत्येक कंपनी स्वत:च करते.

मऊ रबर जास्त का धरते? उकडीच्या मोदकाची उकड आठवा. गरम आणि मऊ असताना ती ताटाच्या प्रत्येक नक्षीत शिरते, गार झाली की वरच्यावर सरकते. डांबराचा पृष्ठभाग आपल्याला सपाट वाटतो, पण तो बारीक खड्यांचा असतो. मऊ रबर त्या खड्यांच्या फटींत बसते आणि शिवाय पृष्ठभागाला चिकटतेही. त्यासाठी त्याला ऊब लागते. शर्यतीआधी चालवणारी चाके पाण्यावर भिजवून जागेवर गरगर फिरवतात, त्याला बर्नआउट म्हणतात, ते या उबेसाठी आणि टायरवरची धूळ-खडे जाळून टाकण्यासाठी. पोरांनो, इथे एक गोष्ट ऐका. खाचांच्या साध्या टायरवर लांब बर्नआउट करण्यात काही अर्थ नाही. त्याचे वरचे रबर नुसते तेलकट होते. एक-दोन सेकंद फिरवून धूळ झटकली की पुरे. आणि खाचांचा टायर असेल तर त्या पाण्यात जाऊच नका, बाजूने जा. खाचांत पाणी भरून तुम्ही ते सुरुवातीच्या रेषेवर नेऊन सांडता, आणि मागून येणारा तुम्हाला दुवा देत नाही.

या खेळाचे शिखर बघायचे तर अमेरिकेतल्या टॉप फ्युएल गाड्या. ताकद ११,००० हॉर्सपॉवरच्या वर, वेग ताशी ५३० किलोमीटरच्या पुढे. त्यांचा मागचा टायर जवळजवळ माणसाच्या कमरेइतका उंच आणि साडेसतरा इंच रुंद, पण त्यातली हवा फक्त सहा-सात पीएसआय. गाडी सुटते तेव्हा टायरच्या भिंतीला सुरकुत्या पडतात. पिळलेल्या कापडासारखा तो आधी वळतो, मग सुटतो, आणि तो झटका पोटात घेतो. वेग वाढला की तोच टायर फुगून उंच होतो, म्हणजे वेगळा गियर टाकल्यासारखे काम करतो. २००८ मध्ये एका चालकाचा अपघाती मृत्यू झाल्यावर या गाड्यांची शर्यत पाव मैलावरून १००० फुटांवर आणली गेली. जिथे हा खेळ सर्वांत मोठा आहे, तिथेही थांबायला जागा अपुरी पडते म्हणून अंतर कमी केले, हे इथल्या मुलांनी मनात ठेवावे.

पण त्या टायरचा निम्मा पराक्रम खालच्या जमिनीचा असतो. तिकडच्या पट्ट्यांवर शर्यतीआधी चिकट द्रव फवारतात आणि त्यावर रबराचा थर बसवतात. चालताना बूट निघून राहावा इतकी ती जमीन धरते. आपल्याकडे ड्रॅगच्या शर्यती मुख्यत: हवाईपट्टीवर होत आल्या आहेत. लोणावळ्याजवळच्या अँबी व्हॅलीची हवाईपट्टी त्यासाठी माहितीची आहे. हवाईपट्टी विमान उतरवायला बांधलेली असते. तिच्यावर माती, बारीक खडी, वाऱ्याने आलेली धूळ असते. अशा जमिनीवर सर्वांत मऊ स्लिक लावून फायदा होईलच असे नाही. कधीकधी एक पायरी खालचा, जरा भक्कम भिंतीचा ड्रॅग रेडियल जास्त खात्रीने सुटतो. आम्हाला तर पहिल्या हंगामासाठी चांगला स्पोर्ट्स टायरच पटतो. गाडीचा आणि चालवणाऱ्याचा दोष त्याच्यावर लवकर दिसतो. महागडा स्लिक तो झाकून ठेवतो.

स्लिकमध्येही दोन जाती आहेत. आडव्या-तिरप्या थरांचा बायस आणि रेडियल. बायसची भिंत लवचीक असते. चाक थोडे घसरले तरी तो पुन्हा धरतो, पण वेगात गाडी डुलते. रेडियल सरळ पळतो, पण एकदा सुटला की त्याला परत धरायला लावणे अवघड, पाय उचलावाच लागतो. म्हणून नवख्याने फक्त कागदावरची पकड बघू नये. आणि एकाच गाडीला बायस आणि रेडियल मिसळून लावू नये.

टायरने धरले की पुढचे दुखणे सुरू होते. आतापर्यंत चाक घसरत होते म्हणून बाकीचे भाग वाचत होते. आता सगळा झटका क्लच, गियरबॉक्स आणि ड्राइव्ह शाफ्टवर जातो. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत चाक धरते-सोडते-धरते असे उड्या मारायला लागले तर इंजिनचे माउंट फाटतात. वडिलांनो, टायरच्या किमतीत हा खर्चही धरा. टायरला पैसे मागणारा मुलगा महिन्याभराने क्लचसाठी येणार आहे.

हवेबद्दल लोक सर्वांत जास्त अंदाजपंचे बोलतात. “हवा कमी कर, पकड वाढते,” हे अर्धेच खरे. थोडी कमी केली तर टायरचा जमिनीला लागणारा भाग लांब होतो. फार कमी केली तर रेडियलच्या दोन कडाच जमिनीला लागतात आणि मधला भाग भार घेत नाही. बघण्याची साधी रीत आहे. चालवणाऱ्या चाकाच्या टायरवर या कडेपासून त्या कडेपर्यंत खडूची जाड रेघ ओढा. गाडी एकदा सोडा आणि थोड्याच अंतरावर थांबवून रेघ बघा. मध्यभागी आधी पुसली तर हवा जास्त आहे, कडांना आधी पुसली तर कमी. सगळीकडे सारखी पुसेपर्यंत एक-एक पीएसआय बदलत जा आणि वहीत लिहा. त्यासोबत जमीन गरम होती की गार तेही लिहा. मे महिन्यातल्या दुपारचा आकडा डिसेंबरच्या सकाळी उपयोगाचा नाही. पाच रुपयांच्या खडूने जे कळते ते पुष्कळांना महागडे टायर घेऊनही कळलेले नसते.

आता खरेदीकडे येऊ, कारण मुले इथेच फसतात. जून २०२० पासून सरकारने नव्या टायरच्या आयातीवर बंधने घातली. हव्या त्या मापाचा ड्रॅग टायर दुकानात सहज मिळत नाही. मग कोणाच्या तरी ओळखीने, कुठल्या तरी शहरातून, ‘दोनच रन झालेला’ जुना स्लिक येतो. तो घेण्यापूर्वी भिंतीवरची चार आकड्यांची खूण शोधा. २३१९ असेल तर तो २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनला. मऊ रबर नुसते ठेवूनही कडक होते, आणि प्रत्येक वेळी तापून गार झाले की आणखी थोडे कडक होते. खाचा नसल्यामुळे झिजलेला स्लिक आणि नवा स्लिक लांबून सारखेच दिसतात. नख दाबून पाहा, भिंतीवर बारीक भेगा आहेत का पाहा, आतल्या कडेला हात फिरवा. विकणारा आकडे दाखवायला टाळत असेल तर घेऊ नका. शंभर-सव्वाशेच्या वेगात जुना टायर फुटला तर गाडी कुठे जाईल ते चालकाच्या हातात राहत नाही.

आणि आता ज्या गोष्टीसाठी आम्ही हे बोलायचे कबूल केले ती. मुलगा टायर घेतो, शर्यत महिन्यातून नाही तर वर्षातून एकदा असते, आणि टायर गाडीलाच राहतात. कॉलेजला, क्लासला, रात्री सराफ्यात खायला त्याच टायरवर. याचे आम्हाला फार भय वाटते.

हे भाद्रपदाचे दिवस आहेत. आपल्या माळव्याची काळी माती ट्रॅक्टरच्या चाकांना लागून डांबरावर येते, वरून पावसाचा एक शिडकावा पडतो आणि रस्त्यावर साबणासारखा थर तयार होतो. टायरच्या खाचा पाणी बाहेर काढायला असतात. कायद्याने चारचाकीच्या टायरची खाच किमान १.६ मिलिमीटर हवी, ती त्यासाठीच. ज्याला खाचाच नाहीत तो पाणी कुठे ढकलणार? एका वेगानंतर टायर पाण्यावर तरंगतो, मग ब्रेक नाही आणि स्टिअरिंगही नाही. १९६०च्या दशकात नासाच्या संशोधकांनी विमानांच्या टायरसाठी एक सूत्र काढले. त्यात हवेचा दाब जितका कमी तितका तरंगण्याचा वेग कमी. त्या सूत्राने ३२ पीएसआयला तो वेग ताशी ९४ किलोमीटरच्या आसपास येतो आणि १५ पीएसआयला ६५. मोटारीच्या टायरला हे आकडे तंतोतंत लागू होत नाहीत, खाचा आणि रुंदीने ते बदलतात, पण दिशा तीच. ६५ चा वेग म्हणजे काय? बायपासवर त्या वेगाने जाणाऱ्याला मागचा ट्रकवाला हॉर्न देतो. ड्रॅगसाठी हवा कमी केलेला, खाचा नसलेला टायर लावून पावसात तेवढ्या वेगात जाणारा मुलगा स्वत:ला सावकाश जाणारा समजत असतो.

गार टायरचेही तसेच. बर्नआउटनंतर जो टायर जमीन धरतो तो थंडीतल्या सकाळी, घरातून निघताना, साध्या टायरपेक्षाही कमी धरू शकतो. त्याची जादू उबेत आहे आणि रोजच्या रस्त्यावर ती ऊब येत नाही. भिंत मऊ, त्यामुळे एकदम वळवले तर गाडी आधी डुलते, मग वळते. लहान मूल आडवे आले तर मधला तो क्षण कुठून आणायचा? म्हणून दुकानात आम्ही स्पष्ट सांगतो, स्लिक किंवा ड्रॅग रेडियल हवा असेल तर वेगळ्या रिमवर चढवून देऊ. रोजच्या रिमवर चढवणार नाही. काही गिऱ्हाइके रागावून जातात. जाऊ द्यात.

रस्त्यावरच्या शर्यतीबद्दल कोणी विचारेल म्हणून सांगतो. सुपर कॉरिडॉर रात्री रिकामा दिसतो, पण तो दूधवाल्यांचा, रुग्णवाहिकांचा, उशिरा सुटणाऱ्या कामगारांचा रस्ता आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ नुसार सरकारी परवानगीशिवाय सार्वजनिक जागी शर्यत लावणे गुन्हा आहे, त्याला तुरुंगवासही आहे. वेगाची हौस असलेल्या मुलांना आमचे दुसरेच सांगणे असते. आपल्या इंदूरजवळ पीथमपूरला नॅट्रॅक्स आहे. जून २०२१ मध्ये तिथल्या ११.३ किलोमीटरच्या हायस्पीड ट्रॅकचे उद्घाटन झाले. देशोदेशीच्या कंपन्या तिथे गाड्या तपासतात, आणि ब्रेकच्या ट्रॅकवर मुद्दाम कमी-जास्त पकडीचे पृष्ठभाग करून ठेवलेले आहेत, म्हणजे एक चाक निसरड्यावर आणि दुसरे कोरड्यावर असताना गाडी काय करते ते मोजता यावे. तिथून जवळच खेडा इथे ब्रिजस्टोनचा टायरचा कारखाना १९९८ पासून चालू आहे. रबर, पकड, ब्रेक हे सगळे पोटापाण्याचे काम म्हणून करणारे अभियंते आपल्या गावाच्या वेशीवर आहेत. इंजिनिअरिंगला असलेल्या मुलाने तिथे इंटर्नशिपसाठी अर्ज करावा. खडूची रेघ ओढून वही भरलेली असेल तर मुलाखतीत बोलायलाही काही असेल.

राहिला वडिलांचा प्रश्न, पैसे द्यायचे की नाही. आमचे मत असे. परवानगीच्या, रुग्णवाहिका आणि मार्शल असलेल्या शर्यतीत नाव नोंदवल्याची पावती दाखवली तर द्या. पण टायरच्या आधी हेल्मेट, मग दोन जादा रिम, चांगला जॅक आणि टॉर्क रेंच, आणि उरलेल्या पैशांत टायर. हॅचबॅकची मागची सीट पाडली की रिमसकट दोन टायर आरामात मावतात. साध्या टायरवर जायचे, तिथे बदलायचे, रन घ्यायचे, आणि निघण्यापूर्वी पुन्हा साधे चढवून, नट आवळून, हवा भरून घरी यायचे. सरावलेल्या दोघांना पुढची दोन चाके बदलायला पंधरा-वीस मिनिटे लागतात. मुलगा त्यालाच कंटाळत असेल, तर पैसे देऊ नका.

आरतीला अजून अवकाश आहे. ज्यांना आपल्या गाडीच्या टायरवरची तारखेची खूण बघायची आहे, त्यांनी आमच्याबरोबर खाली पार्किंगमध्ये यावे. काका, तुमच्या गाडीपासूनच सुरुवात करू. टॉर्च आणली आहे, आणि खडूही.